साप चावल्यावर रक्त साकळतंय का? काचेच्या नळीतली वीस मिनिटं

घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाला एएसव्ही (सापाचं विष निकामी करणारं औषध) लागणार का आणि दिलेलं एएसव्ही लागू पडलं का, हे ठरवायला दोन मिली रक्त, एक कोरी काचेची नळी आणि घड्याळ पुरतं. लॅब लागत नाही, यंत्र लागत नाही, रात्री लाईट गेली तरी अडत नाही. एवढं सोपं काम असूनही ते फसतं, आणि बहुतेक वेळा त्याच त्या बारीक चुकांनी फसतं. नळी धुतलेली असते, प्लॅस्टिकची असते, कुणीतरी मधेच उचलून पाहिलेली असते, नाहीतर घड्याळाऐवजी अंदाजावर काम चाललेलं असतं. हा लेख मुख्यतः पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आणि ग्रामीण रुग्णालयात काम करणाऱ्यांसाठी आहे. पेशंटसोबत आलेल्या माणसानेही वाचायला हरकत नाही, कारण रात्री दोन वाजता वॉर्डात घड्याळाकडे लक्ष ठेवायला बऱ्याचदा तोच मोकळा असतो.

मराठवाड्यात अशा केसेस पावसाळा सुरू झाला की वाढतात आणि सोयाबीन काढणी, कापूस वेचणीपर्यंत येत राहतात. पुढे ज्वारी-हरभऱ्याला रात्रीच्या लाईटवर पाणी देताना आणि उसाच्या फडात पाचट उचलताना चावे होतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार विषारी सापांपैकी रक्ताचं साकळणं बिघडवतात ते घोणस आणि फुरसे. नाग आणि मण्यारीचं विष मज्जासंस्थेवर जातं. तिथे ही नळी काहीच सांगत नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

विष नेमकं करतं काय

«विषाने रक्त पातळ होतं» असं सर्रास म्हणतात. सुरुवातीला घडतं ते याच्या उलट. जखम झाली की शरीरात एकामागून एक घटक जागे होतात, शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे धागे बनवतं. त्या धाग्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की गुठळी होते. या घटकांना आकड्यांनी ओळखतात; घोणशीच्या विषात दहाव्या आणि पाचव्या घटकाला थेट जागं करणारी द्रव्यं असतात. फुरशाचं विष आणखी एक पायरी गाळून सरळ प्रोथ्रॉम्बिनवरच (ज्यापासून थ्रॉम्बिन बनतं त्यावरच) काम करतं. जखमेपुरतं चालणारं काम अशा रीतीने अंगभर एकाच वेळी सुरू होतं. फायब्रिनोजेन भराभर वापरलं जातं, तयार झालेले धागे शरीर तोडत राहतं आणि काही तासांत साठा संपतो. निरोगी माणसात दर डेसिलीटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असलेलं फायब्रिनोजेन जवळजवळ शून्यावर येऊ शकतं. मग हिरड्यांतून, जुन्या सुईच्या जागेतून, लघवीतून रक्त येऊ लागतं, कारण गुठळी बांधायला माल उरलेला नसतो.

याच गुणामुळे १९३४ साली मॅकफार्लेन आणि बार्नेट या डॉक्टरांनी हिमोफिलियाच्या (जन्मतःच रक्त नीट न साकळण्याच्या आजाराच्या) रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला घोणशीचं विष पातळ करून जखमेवर लावून पाहिलं होतं. आजही लॅबमध्ये रक्त साकळण्याच्या एका खास तपासणीत हेच विष अगदी सूक्ष्म प्रमाणात वापरतात.

ही यंत्रणा कळली की वॉर्डात सवयीने दिली जाणारी काही इंजेक्शनं निरुपयोगी का, हे सांगत बसावं लागत नाही. के जीवनसत्त्व इथे काम करत नाही, कारण कमतरता त्याची नसतेच. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडने (झालेली गुठळी विरघळू न देणाऱ्या औषधाने) मूळ कारणाला हात लागत नाही. हेपरिन (रक्त साकळू न देणारं औषध) तर धोक्याचं. एएसव्ही न देता नुसता प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) चढवला तर रक्तात फिरणारं विष तोही खाऊन टाकतं. आधी विष निकामी करायचं. रक्तस्राव जोरात असेल तर प्लाझ्माचा विचार त्यानंतर.

दवाखान्यात पोचेपर्यंत

१०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. चावलेल्या हातापायाला काठी किंवा पट्टी बांधून तो हलणार नाही असा ठेवा. अंगठी, जोडवी, पैंजण, बांगड्या, कडं लगेच काढा. सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि कापावे लागतात. चावल्याची वेळ लिहून ठेवा. सापाला मारून पिशवीत घालून आणू नका, त्यात दुसरा माणूस चावून घेतो. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी अडत नाही.

ब्लेडने कापणं, रक्त चोखणं, दोरी करकचून आवळणं यांतलं काहीही करायचं नाही. ज्याचं रक्त साकळणारच नाही त्याला ब्लेडने चिरा देणं म्हणजे बंद न होणारा नळ सोडणं. दोरी आधीच बांधून आणली असेल तर दारात पाहिल्या पाहिल्या सोडू नका. शिरेत सुई लावून, डॉक्टर जवळ असताना ती सैल करायची. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नको. ही औषधं प्लेटलेट्सचं काम आणखी बिघडवतात आणि पहिल्या दोन किडनीलाही मारक ठरतात. मारुतीच्या देवळात किंवा मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही. नारळ फोडायचाच तर पेशंट घरी आल्यावर फोडा.

नळी कशी लावायची

नळी काचेची, कोरी आणि कोरडी हवी, साधारण ५ मिली मावेल एवढी. काचेचा आग्रह उगाच नाही. काचेच्या पृष्ठभागाला रक्त लागलं की साकळण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकवर ती नीट सुरू होत नाही आणि निरोगी माणसाचं रक्तही पातळ राहू शकतं. साबणाने किंवा डिटर्जंटने धुतलेल्या काचेतही हा गुण मंदावतो. म्हणून वापरलेली नळी धुऊन, वाळवून पुन्हा लावायची नाही, ती काचेच्या जैविक कचऱ्यात टाकायची. लॅबच्या रंगीत झाकणांच्या नळ्या इथे चालत नाहीत. जांभळ्या झाकणात ईडीटीए असतं, फिक्या निळ्यात सायट्रेट, हिरव्यात हेपरिन. तिन्ही रक्त साकळू देत नाहीत. लाल झाकणाच्या प्लॅस्टिकच्या नळीत बऱ्याचदा साकळणं वाढवणारी पूड लावलेली असते, त्यामुळे बिघडलेलं रक्तही चांगलं वाटू शकतं. रक्त सिरिंजमध्येच ठेवून बघणं ही चाचणी नव्हे.

सर्वांत सोयीचं म्हणजे साध्या काचेच्या कोऱ्या नळ्यांचं पाकीट एएसव्हीच्या साठ्याबरोबरच ठेवायचं, म्हणजे रात्री शोधाशोध होत नाही.

ग्लोव्हज घाला. न चावलेल्या हाताच्या शिरेतून, शक्यतो एकाच टोच्यात, रक्त घ्या. वरची पट्टी फार वेळ आवळून ठेवू नका. शीर सापडत नाही म्हणून सुई आत फिरवत राहिलात तर ऊतींमधला द्रव रक्तात मिसळतो आणि नळीत नसलेली गुठळी तयार होते. सलाईन चालू असलेल्या हातातून घेतलेलं रक्त पातळ झालेलं असतं, तेही नको. मान, जांघ किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत सुई घालण्याचा मोह टाळा, कारण तिथे रक्त वाहू लागलं तर दाबून थांबवता येत नाही. सुई काढल्यावर जागा दहा मिनिटं तरी दाबून धरा.

२ मिली रक्त सिरिंजची सुई काढून नळीच्या कडेने हळूच सोडा. फेस होऊ देऊ नका. चिकटपट्टीवर पेशंटचं नाव आणि घड्याळातली नेमकी वेळ लिहून नळीला लावा. स्टँड नसेल तर बँडेजच्या गुंडाळीच्या मधल्या भोकात नळी उभी राहते. ती अशा जागी ठेवा जिथे कुणाचा धक्का लागणार नाही, म्हणजे फ्रिजवर नाही, पेशंटच्या गादीवर नाही आणि धावत्या ॲम्ब्युलन्समध्ये तर मुळीच नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर वीस मिनिटं हेलकावलेल्या नळीचा काहीच अर्थ लागत नाही.

शेजारी दुसरी नळी लावा, निरोगी माणसाच्या रक्ताची. सोबत आलेला नातेवाईक तयार असेल तर त्याचं घ्या. हे काम हटकून गाळलं जातं, पण नळ्यांच्या नव्या पाकिटावर भरवसा ठेवायचा तर दुसरा मार्ग नाही. निरोगी माणसाचंही रक्त साकळलं नाही तर दोष नळीत आहे, पेशंटमध्ये नाही.

खोलीचं तापमानही बघा. साकळणं ही रासायनिक क्रिया आहे, थंडीत ती मंदावते. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटेचा पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो; त्या वेळी उघड्या व्हरांड्यात ठेवलेली नळी फसवी निघू शकते. आतल्या खोलीत ठेवा.

वीस मिनिटं म्हणजे वीस. आठव्या मिनिटाला «बघू तरी» म्हणून नळी तिरपी केली तर जमू लागलेले धागे तुटतात आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

नळी वाचताना

वेळ भरली की नळी उचलून एकदाच, हळू तिरपी करा. रात्री मागून मोबाईलचा टॉर्च धरा. रक्त साकळलं असेल तर गोळा नळीच्या तळाशी लागलेल्या दह्यासारखा बसलेला असतो. नळी आडवी केली तरी तो जागचा हलत नाही, फार तर वर थोडं पिवळसर पाणी सुटलेलं दिसतं. साकळलं नसेल तर लाल रक्त काचेवरून पाण्यासारखं तोंडाकडे धावतं. हे दोन्ही ओळखायला कठीण नाही.

घोटाळा होतो तो तिसऱ्या प्रकारात. गोळा झालेला असतो, पण लिबलिबीत, तिरपा केला की फुटणारा, बाजूने रक्त वाहणारा. असा गोळा «साकळलं» म्हणून लिहू नका. निरोगी माणसाच्या नळीशी ताडून बघा, कोऱ्या नळीत चाचणी पुन्हा लावा आणि तोवर पेशंट बिघडतोय असंच समजून चाला. त्याला चूळ भरून पांढऱ्या बेसिनमध्ये थुंकायला सांगा. हिरड्यांतलं रक्त तिथे लगेच दिसतं. लघवीचा रंग विचारू नका, भांड्यात घेऊन स्वतः बघा.

सापाच्या ओळखीबद्दल एक गोष्ट. सोबत आलेले लोक ठामपणे «घोणसच होती» म्हणतात. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि ती मोठ्याने, लांबलचक फुत्कारते. पण डुरक्या घोणस हा बिनविषारी साप अंधारात थेट तसाच वाटतो, आणि अजगराच्या पिल्लालाही घोणस म्हणून मारतात. उलट घोणशीला अजगर समजून हातात धरणारेही भेटतात. नावावरून एएसव्ही सुरू करू नका आणि नावावरून नाकारूही नका. घोणस चावूनही विष न टोचलं गेल्याची उदाहरणं असतात, तिथे नळी साकळलेलीच राहते.

पहिली नळी साकळली तर

पेशंटला घरी पाठवायचं नाही. या चाचणीत सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. फायब्रिनोजेन बरंच खाली आल्याशिवाय नळी बिघडत नाही, म्हणजे सुरुवातीचा बिघाड तिच्यातून निसटतो. चावून अर्धाच तास झालेला असेल तर विष अजून पसरत असतं. पहिले तीन तास दर तासाला आणि नंतर २४ तास होईपर्यंत दर सहा तासांनी चाचणी करा. प्रत्येक वेळी कोरी नळी, प्रत्येक वेळी केसपेपरवर वेळ आणि निकाल.

जवळ लॅब असेल तर पीटी-आयएनआर (रक्त साकळायला किती वेळ लागतो ते मोजणारी तपासणी) पाठवा. तो आधी बिघडतो आणि १.२ च्या वर गेला तर दखल घ्यावी. निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंतच भरायची. त्यातलं सायट्रेट एकास नऊ भाग रक्ताच्या हिशेबाने असतं, अर्धवट भरलेल्या नळीत ते जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला येतो.

हृदयाची झडप बदललेली असेल किंवा रक्त न गोठण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी विचारून घ्या, कारण अशा माणसाची नळी आणि आयएनआर दोन्ही विषाशिवायही बिघडलेले असू शकतात.

आणि मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, अंगावर खूण दिसत नाही, पापण्या जड होतात, गिळायला त्रास होतो. त्याची नळी वीस मिनिटांत छान साकळते. ती दाखवून «काही नाही» म्हणालात तर तास-दोन तासांत श्वास थांबू शकतो. पापण्या, गिळणं, मान उचलणं आणि श्वास, एवढं प्रत्येक पेशंटमध्ये नळीबरोबरच बघायचं.

साकळली नाही तर

डॉक्टरांच्या देखरेखीत एएसव्ही सुरू करायचं, पहिला डोस १० व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या). हा आकडा हवेतून आलेला नाही. भारतीय एएसव्हीचा १ मिली घोणशीचं ०.६ मिलिग्रॅम विष निकामी करतो, म्हणजे १० मिलीची एक व्हायल ६ मिलिग्रॅम. मोठी घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष टोचते. साप लहान मुलाला चावताना विष कमी सोडत नाही, म्हणून मुलालाही व्हायल तेवढ्याच. फक्त सलाईनचं प्रमाण वजनावर. दोन-दोन व्हायल देऊन वाट बघण्यात विष पुढे निघून जातं.

पावडरची व्हायल असेल तर १० मिली निर्जंतुक पाणी घालून हातात हळू फिरवा, झटकू नका. फेस झाला की औषध वाया जातं. सगळं मिळून किलोमागे ५ ते १० मिली सलाईनमध्ये घालून एका तासात शिरेतून द्या, पहिली दहा-पंधरा मिनिटं संथ. चाव्याच्या जागी टोचू नका. आधी कातडीवर टेस्ट डोस देण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, त्यातून रिॲक्शन येणार की नाही हे कळत नाही. हे औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे रिॲक्शन कुणालाही येऊ शकते. खाज, गांधी, उलटी, धाप, बीपी उतरणं यांतलं काहीही दिसलं की सलाईन थांबवा आणि मोठ्या माणसाला १:१००० ॲड्रेनॅलिन ०.५ मिली मांडीच्या बाहेरच्या स्नायूत द्या. मुलांना किलोमागे ०.०१ मिली. हे इंजेक्शन आधीच भरून उशाशी ठेवलेलं असावं. सावरल्यावर एएसव्ही संथ वेगाने पुन्हा सुरू होतं. रिॲक्शन आली म्हणून बंद करून टाकायचं नसतं. हे ॲड्रेनॅलिन सोडून धनुर्वाताचं आणि बाकी कुठलंही स्नायूतलं इंजेक्शन रक्त साकळू लागेपर्यंत थांबवा, नाहीतर स्नायूत रक्ताची गाठ होते.

आता सहा तास थांबायचं. एएसव्ही विष निकामी करतं, पण नवं फायब्रिनोजेन यकृतच तयार करतं आणि त्याला साधारण सहा तास लागतात. दोन तासांनी नळी लावली तर ती पातळच दिसणार, आणि घाबरून आणखी दहा व्हायल रिकाम्या होणार. सहा तासांनीही साकळलं नाही तर आणखी ५ ते १० व्हायल. घोणस-फुरशासाठी एकूण मर्यादा साधारण ३० व्हायलची. त्यानंतरही रक्त साकळत नसेल तर व्हायल वाढवण्यापेक्षा मोठ्या रुग्णालयात कारण शोधलेलं बरं.

या सहा तासांत लघवी मोजा. घोणशीच्या चाव्यात किडनी बंद पडणं ही रक्तस्रावाइतकीच मोठी भीती आहे. मोठ्या माणसाला २४ तासांत ४०० मिलीहून कमी लघवी झाली तर डायलिसिसची सोय असलेल्या ठिकाणी हलवायला उशीर करू नका: अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, जे जवळ असेल ते.

पीएचसीतून पुढे पाठवायचं असलं तरी रक्त साकळत नसलेल्या पेशंटला पहिल्या दहा व्हायल तिथेच सुरू करा. «वर गेल्यावर देतील» असं म्हणून बिनऔषधाचा पाठवलेला पेशंट रस्त्यातच वाईट होतो. चिठ्ठीवर चावल्याची वेळ, प्रत्येक नळीची वेळ आणि निकाल, एएसव्ही सुरू केल्याची वेळ, व्हायलची संख्या, रिॲक्शन आली का आणि लघवी किती झाली, एवढं लिहा. एएसव्हीची वेळ नसेल तर पुढच्या डॉक्टरला सहा तास कुठून मोजायचे हेच कळत नाही आणि तो पुन्हा शून्यापासून सुरू करतो.

नळी एकदा साकळली म्हणजे सुट्टी नाही. चाव्याच्या जागी साठलेलं विष हळूहळू रक्तात उतरत राहतं आणि दुसऱ्या दिवशी रक्त पुन्हा बिघडू शकतं. साकळल्यानंतरही २४ तास दर सहा तासांनी नळी लावत राहा. घरी जाताना सांगून ठेवा: पुढचे काही दिवस दात काढणं, कुठलंही छोटं ऑपरेशन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी नको. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त आलं, लघवी कमी झाली, तर थेट परत यायचं. आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, अंगावर पुरळ आणि सांधेदुखी सुरू झाली तर ती बहुधा एएसव्हीचीच उशिराची रिॲक्शन असते, आणि तिच्यावर उपचार आहे.